अँटेनाला लावलेला भोंगा

रोह्यात आमच्या टीव्हीवर कुणीही माणूस एकटा येत नसे. बातम्या सांगणाऱ्या बाई आल्या, की त्यांच्या खांद्यामागून दुसऱ्या बाई डोकावायच्या, आणि त्यांच्याही मागून तिसऱ्या. तिघी मिळून एकच बातमी सांगायच्या, आणि तिघींच्याही अंगावरून सतत मुंग्या चालत असायच्या. मुंबईहून निघालेली लहर वाटेत डोंगरांवर आपटते, म्हणून एकाचे तीन होतात, असं मी शाळेत भूगोलाच्या तासाला छातीठोकपणे सांगत असे. मुलं माना डोलवत, कारण त्यांतली निम्मी माझ्याच ओटीवर बसून टीव्ही बघणारी होती.

हे सगळं मी आनंदानं चालवून घेतलं असतं. पण त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत टीव्ही केंद्राकडून एक कार्ड आलं आणि आमच्या घरातली शांतता संपली. लतिकाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, गाणं येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला बायकांच्या कार्यक्रमात दाखवणार होते! दिवाळीनंतर ती पेणच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या, महिला मंडळाबरोबर मुंबईला जाऊन ते गाऊन आली होती. इतर बायका पोह्याचे पापड लाटणार आणि ही गाणार, एवढं मला ठाऊक होतं.

अहो, माझी बायको! टीव्हीवर! मी ते कार्ड घेऊन स्टाफरूममध्ये गेलो, वाण्याकडे गेलो, एस.टी. स्टँडवर गेलो. एस.टी. स्टँडवर माझं काहीही काम नव्हतं. भेटेल त्याला म्हणालो, "गुरुवारी या आमच्याकडे. साडेसहाला. वेळेवर या, जागा मिळायची नाही." घरी आल्यावर लतिकानं शांतपणे विचारलं, "अहो, पण आपल्या टीव्हीवर मी किती जणी दिसणार?"

प्रश्न रास्त होता. कार्यक्रम एकदाच दाखवणार होते. तो घरच्या घरी धरून ठेवायचं यंत्र आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हतं. गुरुवारी दिसली तर दिसली, नाहीतर लतिकाचं गाणं मुंबईहून निघणार, आमच्या डोंगरावर आपटणार आणि कायमचं संपणार.

त्यातच पेणहून अनसूयावहिनींचा फोन आला. या माझ्या मेहुण्याच्या बायको. फोन शाळेत आला आणि हेडमास्तरांच्या देखत आला, हे विशेष. "गोपाळराव, तुम्ही दोघं सरळ पेणला या कसे. आमच्याकडे अगदी फोटोसारखं दिसतं. तुमच्या त्या मुंग्यांत आमच्या वन्सं ओळखूसुद्धा यायच्या नाहीत." हेडमास्तर खिडकीबाहेर बघत हसले. मी ते पाहिलं.

लतिका म्हणाली, "जाऊ या की पेणला. एस.टी.त बसलं की झालं."

"माझ्या बायकोचं गाणं मी मेहुण्याच्या कोचावर बसून, त्याचा चिवडा खात बघू? आणि अर्ध्या रोह्याला आमंत्रण दिलंय, त्यांचं काय?"

"त्यांना बोलवायला कुणी सांगितलं होतं? बरं, ते राहू दे. मी काय गायलेय, ते तरी तुम्हाला—"

"ते नंतर गं! आधी लहर!"

आता या लहरीवर आमच्या आळीनं किती विचार केला म्हणता! शेजारचे मोरोपंत हे निवृत्त पोस्टमास्तर. जगातली प्रत्येक गोष्ट नीट पत्ता नसल्यामुळे हरवते, असं त्यांचं मत. ते म्हणाले, "अँटेना मुंबईकडे तोंड करून नाही. लहरीला पत्ताच लागत नाहीये." आम्ही अँटेना मुंबईकडे वळवली. मुंग्या तशाच, फक्त बाई उलट्या क्रमानं येऊ लागल्या. वाण्यानं अँटेनाला जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, परात बांधायला सांगितलं. परात बांधली. रात्रभर वाऱ्यानं ती अशी वाजली, की पहाटे मोरोपंत काठी घेऊन बाहेर आले. कुणी म्हणालं पाइप उंच करा. पाइपाला पाइप जोडून तो इतका उंच केला, की खाली ताण द्यायला तारा कमी पडल्या आणि तो सारखा डुलू लागला. एवढं करून जाता जाता मोरोपंत म्हणाले, "आणि एक सांगून ठेवतो गोपाळराव, तुमचं टीव्हीचं लायसन घरगुती आहे. चाळीस माणसं बसवलीत तर ते सार्वजनिक दर्शन होतं. मी पोस्टात होतो, मला विचारा." मी विचारलं नव्हतं.

मग शनिवारी, परीक्षेवर लक्ष ठेवत वर्गात फिरताना, मला ते सुचलं. आजही अंगावर काटा येतो, इतकं ते सोपं होतं! लहर येतेय, पण क्षीण येतेय. क्षीण गोष्ट मोठी करणारं यंत्र म्हणजे वर्धक, म्हणजेच अँप्लिफायर. आणि अँप्लिफायर तर आमच्या रोह्यात आहेच! लग्न असो, गणपती असो, हिरामणच्या साऊंड सर्व्हिसचा साठ वॅटचा अँप्लिफायर कुजबुजणाऱ्या भटजीला पार नदीपलीकडे पोचवतो. मग लतिकानं काय पाप केलंय? माइकच्या जागी अँटेनाची वायर लावायची. एका बाजूनं बारीक लतिका आत जाईल, दुसऱ्या बाजूनं ठसठशीत लतिका बाहेर येईल.

हिरामण दुकानापुढे वालाच्या शेंगा सोलत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "सर, माज्या अँप्लिफायरमधनं आजवर फकस्त आवाज गेलाय. चित्र जाईल का?"

"आवाज काय, चित्र काय, शेवटी वीजच ना?"

"तेबी हायच," हिरामण म्हणाला. माझ्या शिक्षकीपेशाला तो मान देत असे. अँप्लिफायर, भोंगा आणि तो स्वतः, असे तिघे रविवारी दुपारी आमच्याकडे आले.

आमच्या समोरच्या घरात गुणाजी राहत असे. हा धाटावला एका केमिकल कंपनीत, यंत्रांवरचे काटे नि मीटर सांभाळणाऱ्या खात्यात सुपरवायझर. या विषयातलं कळणारा आळीत तो एकटा, आणि तो नाइट शिफ्ट करून झोपलेला. त्याची बायको जनी दारातच बसलेली असे. "उठवू नका हां त्यांना! उठले का भांडी फेकतात," असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही त्याला न उठवता, अगदी हळू आवाजात बोलत, वायरी जोडल्या.

लतिका दारात उभी होती. "अहो, यातून चित्र कुठून बाहेर येणार? याला पडदा कुठाय?"

"तू मध्ये बोलू नकोस गं, वायर सुटेल," मी म्हणालो, आणि हिरामणनं बटण फिरवलं.

भोंगा आधी घुमला. मग खरखरला. आणि मग एका भारदस्त पुरुषी आवाजात, सबंध आळीला ऐकू जाईल असा, म्हणाला, "कोकण किनारपट्टीवर येत्या चोवीस तासांत हवामान कोरडं राहील."

अहाहा! काय तो क्षण! घरात रेडिओ बंद, टीव्ही बंद, आणि भोंगा हवामान सांगतोय! बायका धुणी टाकून आल्या. मोरोपंत एका पायात चप्पल घालून आले. "सरांनी रेडिओशिवाय रेडिओ लावला!" असा गलका झाला. हिरामण भोंग्याकडे असा बघत राहिला, जसा बाप पहिल्यांदा बोललेल्या पोराकडे बघतो. मला मात्र टीव्ही हवा होता, रेडिओ नव्हे. पण रक्त उसळलेलं होतं. मी म्हटलं, हिरामण, थांबायचं नाही! हीच ताकद टीव्हीच्या पोटात सोड! टीव्हीची पाठ उघडून, दिसल्या त्या दोन वायरींना आम्ही अँप्लिफायर जोडला. त्या वायरी टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरच्या होत्या. कोरड्या हवामानाचा बटाट्याच्या वेफरसारखा कुरकुर आवाज आला आणि स्पीकरचा कागद आरपार फाटला. आता आमच्या टीव्हीला चित्र धड नव्हतं, आणि आवाज तर मुळीच नव्हता.

घाईघाईनं वायर परत भोंग्याला लावली, तोच समोरचं दार धाडकन उघडलं. गुणाजी. लुंगी, बनियन, तारवटलेले डोळे. हातात भांडं नव्हतं, एवढंच नशीब.

"कोण हाय तो हवामानवाला? झोपू द्याल का नाय माणसाला?" मग त्याची नजर अँटेनाच्या वायरीवरून अँप्लिफायरवर गेली, तिथून भोंग्यावर गेली, आणि तो मटकन ओटीवर बसला. "सर, तुमी अँटेना माइकमदे घातलीत?"

"वर्धक तो वर्धकच ना?" मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"नाय!" गुणाजी ओरडला. त्याची झोप मोडली होती आणि आता तो कुणालाच सोडणार नव्हता. "वर्धक वर्धकात फरक हाय! ह्यो हिरामणचा डबा माणसाच्या कानाच्या मापाचा. सेकंदाला फार तर वीस हजार हेलकावे, त्याच्या वर ह्याला काय कळत नाय. टीव्हीची लहर सेकंदाला सहा कोटी हेलकावे मारत येते. सहा कोटी! ती ह्याच्या नाकासमोरनं जाते नि ह्याला पत्ता नसतो!"

"मग रेडिओ कसा लागला?" हिरामणनं दुखावून विचारलं.

"तुज्या डब्यात कुठंतरी जोड गंजलाय. त्या गंजक्या जोडानं रेडिओची लहर सोलली नि आतला आवाज काडला. बिघडलाय म्हणून वाजला तो!"

हिरामणचा चेहरा पडला. पण गुणाजी आता उठून येरझाऱ्या घालत होता. "तुमाला पायजे बूस्टर. तोबी अँप्लिफायरच, पण त्या कोटीवाल्या लहरींचा. येवडीशी डबी. तिच्यात भोंगा हलवायची ताकद नाय. पण जे अँटेनाला कसंबसं जाणवतंय, तेवडंच ती उचलते नि फुगवते. नि ती वर, अँटेनाजवळच बसवायची. खाली टीव्हीजवळ लावली, तर वायरीत शिरलेला कचराबी फुगणार."

"म्हणजे आधी निवडायचं नि मग दळायचं," लतिका म्हणाली. "दळून झाल्यावर खडे कसे निघणार?"

गुणाजी थांबला. "वैनींना कळलं," तो म्हणाला, आणि झोपायला गेला. मलाही कळलंच होतं, फक्त मी ते बोलून दाखवलं नव्हतं.

इतक्यात हवालदार आले. भोंगा विनापरवाना वाजल्याची बातमी त्यांच्यापर्यंत कोरड्या हवामानासकट पोचली होती. मी सांगितलं की मी भोंगा वाजवला नाही, तो आपण होऊन वाजला. हवालदार म्हणाले, "सर, माझ्या मुलाला तुम्ही भूगोल शिकवता." त्यात आदर होता की काळजी, ते मला आजवर कळलेलं नाही.

सोमवारी शाळा सुटताच मी पेणला बूस्टर आणायला गेलो. एस.टी. नागोठण्याला बराच वेळ उभी राहिली, तेवढ्यात मी शेजारच्या प्रवाशाला सहा कोटी हेलकावे समजावून दिले. तो पेणजवळच्या जोहे गावचा, गणपती घडवणारा मूर्तिकार निघाला. म्हणाला, "म्हंजे गणपतीचे डोले आखायचा ब्रश येगला नि पाठीला रंग मारायचा येगला, तसंच ना?" मला ते इतकं पटलं, की मी त्याच्या गणपतींची चौकशी करायची विसरलो. बूस्टर मिळाला, आणि दुकानाच्या पायरीवरच अनसूयावहिनी भेटल्या. त्यांनी माझ्या पिशवीत डोकावलं. "बूस्टर? अगं बाई! आम्हाला नाही हो कधी लागला." मी म्हटलं, तुमच्याकडे डोंगर कमी आहेत, त्यात तुमचं काय कर्तृत्व? म्हणजे मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "येतो."

आता चित्राची सोय झाली होती, पण आवाजाचं काय? फाटलेला स्पीकर गुरुवारच्या आत मिळेना. गुणाजी म्हणाला, टीव्हीच्या स्पीकरच्या वायरी हिरामणच्या अँप्लिफायरला द्या, आवाज हे त्याचं खरं काम. डब्यातला गंजका जोड तेवढा त्यानं सोल्डरचा डाग देऊन नीट केला. हिरामणला पुन्हा उभारी आली. पण त्याचे लहान स्पीकर निडी गावातल्या एका लग्नात गेले होते. उरला होता तो भोंगाच. आणि भोंग्याला परवानगी लागत होती.

परवानगीच्या कचेरीतले साहेब फार सभ्य होते. "प्रयोजन काय लिहू?"

"बायकोचं गाणं आहे. टीव्हीवर."

"लग्न, धार्मिक कार्य, जाहीर सभा," त्यांनी वाचून दाखवलं. "बायकोचं गाणं यांतल्या कशात घालू?"

मोरोपंत माझ्याबरोबर आले होते. ते पुढे झाले. "धार्मिक कार्य घाला. यांच्याकडे गुरुवारी सत्यनारायण आहे."

मला ही बातमी तिथंच कळली. साहेबांनी शिक्का मारला आणि म्हणाले, "वा! प्रसादाला येतो." झालं! आता सत्यनारायण घालणं भाग होतं. पूजा कोण सांगणार? मोरोपंत सांगणार, त्यांनी तेही ठरवलेलं होतं. घरी येऊन मी लतिकाला सांगितलं, तेव्हा ती निवांत बसून केसांत फणी घालत होती.

"म्हणजे माझं गाणं लागणार त्या दिवशी मी सत्तर माणसांचा शिरा ढवळायचा?"

"चाळीस गं."

"साहेब धरून?" ती उठली आणि रवा काढायला गेली. डब्याचं झाकण तिनं जरा जोरात उघडलं.

बुधवारी संध्याकाळी गुणाजीनं बूस्टर चढवला. तो डबल शिफ्ट करून आला होता, शिडीवर डुलक्या काढत होता. लतिका परसात उभी राहून वर बघत होती. "अहो, डबीवर बाण काढलाय बघा. तो आकाशाकडे तोंड करून आहे. लहर खाली यायचीय ना?"

"गुणाजीनं बसवलंय ते, लतिका! तू आत रव्याकडे बघ बरं."

ती आत गेली. जाताना म्हणाली, "मी काय सांगतेय ते कुणी ऐकायचंच नाही, असं ठरलंय का या घरात?" मी हे ऐकलं, पण तेव्हा मी वायरीला चिकटपट्टी गुंडाळत होतो.

गुरुवार उजाडला! काय उत्साह, काय गर्दी! ओटी भरली, अंगण भरलं, माणसं कुंपणावर बसली. मी पूजेचा कद नेसलेला, कपाळाला गंध. हिरामणनं भोंगा सुपारीच्या झाडाला बांधला आणि पोथी वाचायला मोरोपंतांच्या हातात माइक दिला. ही आमची सगळ्यांत मोठी चूक. पस्तीस वर्षं ज्या माणसानं खिडकीच्या जाळीआडून पुटपुटत तिकिटं विकली, त्याला स्वतःचा आवाज पहिल्यांदा सुपारीच्या शेंड्यावरून ऐकू आला. मोरोपंत थांबेनात! साधुवाण्याची नाव बुडाली तेव्हा ते स्वतः गदगदले, आणि मग तोच भाग त्यांनी पुन्हा वाचला. मी कलावतीचा धावा करत घड्याळाकडे बघत होतो. हिरामण अँप्लिफायरला हात लावून कुजबुजला, "सर, डबा लय तापलाय. पंतांना आवरा."

पंत आरती आटपून थांबले, तेव्हा साडेसहाला थोडाच वेळ उरला होता. टीव्ही लावला. पडदाभर नुसत्या मुंग्या. बाई एकही नाही! आजवर ज्या तीन-तीन बायकांना मी नावं ठेवली, त्यांच्यासाठी माझा जीव तळमळला. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. गुणाजीनं डोकं धरलं. "असं कसं? डबी तर..." आणि मग मला, सगळ्यांच्या देखत, बुधवारचा बाण आठवला.

"उलटी आहे!" मी ओरडलो आणि कदानिशी परसाकडे धावलो. न्हाणीघराच्या गच्चीवर आमच्या अँटेनाचा पाइप. शिडीवरून वर गेलो, डबी सोडवली, फिरवली, परत आवळली. हाताला खरचटलं, कदाला खोंबारा पडला, कशाची पर्वा केली नाही. वायर आत घ्यायला माजघरावरची दोन कौलं सरकवलेली होती, त्या फटीतून आतला गलका सरळ वर येत होता. आणि अचानक तो गलका गप्प झाला. मग एकदम चाळीस माणसं ओरडली, "आली!"

"किती जणी?" मी फटीतून ओरडलो.

"एकच! एकच हाय, सर! नाकातली चमकीबी दिसतेय!" हा गुणाजी.

मी आनंदानं पाइप सोडला. "गेली!" चाळीस माणसं. मी पाइप धरला. "आली!" डुलणारा पाइप माझ्या हातानं धरला तरच नीट उभा राहत होता. सोडायची सोय नव्हती. गेला आठवडाभर ज्या चित्रासाठी मी जिवाचं रान केलं, ते चित्र माझ्या पायाखाली दहा-बारा फुटांवर चालू होतं आणि मला दिसत होता फक्त सुपारीवरचा भोंगा. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात भोंग्यातून लतिका गायला लागली.

*लाटीते गं मी पापड, पोळपाट माझा डोले,*
*अंगणीच्या उन्हासंगे माय माहेराची बोले...*

मी ते गाणं कधीच ऐकलेलं नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि ही बाई इतकं सुरेल गाते हे मी सबंध रोह्याबरोबर ऐकत होतो.

शिडी करकरली. मला वाटलं हिरामण. वर आली ती लतिका. पदर खोचलेला, मनगटापर्यंत रवा.

"अगं, तू इथं काय करतेस? खाली टीव्हीवर तू आलीयेस! बघ ना जाऊन! परत दाखवणार नाहीत!"

"माझं मला काय बघायचंय?" ती म्हणाली. तिला दम लागला होता. "माझं गाणं ऐकताना तुमचं तोंड कसं होतं, ते बघायचं होतं. आठवडाभर एकदा तरी विचारलंत, मी काय गायले म्हणून? आज हात अडकलेत, म्हणून सापडलात."

मी काही म्हणणार, इतक्यात भोंग्यातून फट् असा आवाज झाला आणि गाणं थांबलं. मोरोपंतांच्या पोथीनं तापलेल्या डब्यानं अखेर जीव टाकला होता. खालून एकच ओरडा झाला. "आवाज गेला! चित्र हाय, आवाज गेला! सर!"

"लतिका," मी म्हणालो. "पुढं काय होतं गं?"

"शेवटच्या ओव्या. आधीच्या सगळ्या माझ्या आईच्या, या नाहीत. मी जोडल्यात."

"म्हण ना."

"इथं?"

"मी कुठं पळून जातोय?"

तिनं एकदा परसाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग शिडीच्या वरच्या पायरीवर, कौलांच्या फटीशेजारी बसून ती गायला लागली.

*हाक मारिते परसातून, ओटीवर ती पोचंना,*
*घरधनी गं माझा शहाणा, त्याला माझं ऐकू येईना...*

माझे कान तापले. पण मी ऐकत होतो. इतक्यात फटीतून टाळ्या, शिट्ट्या आणि चाळीस माणसांचा जल्लोष वर आला.

"आला! आवाज आला!" गुणाजी ओरडत होता. "काय पण साफ आलाय! वा सर!"

"सर!" हा हिरामण. "आवाज झकास हाय, पण ओठ नि आवाज जरा पुढंमागं होतंय! अँटेना वाईच डावीकडं घ्या!"

लतिका पुढची ओवी म्हणत होती. मी पाइप होता तिथंच धरून ठेवला आणि ऐकत राहिलो.